आमच्याच मशीनवर आम्हालाच मज्जाव

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. सोयाबीनच्या हंगामात वाशिममध्ये त्याची दखल कोण घेणार? मला मात्र ते झोंबलं. माझा पीसी धडधाकट आहे, पण प्रोसेसर सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. पैसे माझे, वीजबिल माझं, आणि मशीन पात्र की अपात्र हे ठरवणार अमेरिकेतली कंपनी. त्याच सुमारास पुतण्यानं नव्या लॅपटॉपवर 'क्रिकेट ०७' हा जुना गेम टाकायला घेतला आणि आतून ओरडला, "काका, हा परवानगी मागून राह्यला!" कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात असताना ही तक्रार मी ऐकत आलो. तेव्हा तिच्यावर इलाज होता. आता तो दिवसेंदिवस आपल्या हातून निसटतोय, म्हणून हा मागोवा.

सुरुवात झटकन उरकतो. विंडोज ९८ बाजारात आली २५ जून १९९८ ला आणि अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला १ जुलैला. दोन्हींचा जन्म एकाच आठवड्यातला. जिल्ह्यात लगेच कचेऱ्या आल्या, सह्या-शिक्के आले. त्या विंडोजमध्ये मात्र परवानगी नावाची भानगडच नव्हती. पासवर्डची चौकट आली की एस्केप दाबायचं आणि सरळ आत जायचं. जो बसला तो मालक. 'डेव्ह', 'रोड रॅश' हे गेम आणि वारंवार येणारा निळा पडदा, एवढ्यावर ती वर्षं गेली. त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

खरी मजा पुढच्या दहा वर्षांत आली. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स २००१ मध्ये सुरू झाला आणि सरकारी नोकरीच्या आशेनं वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरला क्लास निघाले. सोबत नेट कॅफे. पाटणी चौकापासून पुसद नाक्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या जिन्याखाली चार-सहा पीसी लावलेले असायचे. मशीनवर विंडोज एक्सपी. घरी जो पीसी घेई त्याचं खातं एक्सपीत आपोआप ॲडमिनिस्ट्रेटरचं होई, त्यामुळे घरी सगळं चाले. क्लासमध्ये मात्र सर लोक पोरांना 'लिमिटेड' खातं देत. त्या खात्यातून प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये काही लिहिता येत नसे, आणि त्या काळचे बरेच गेम आपली सेटिंग आणि सेव्ह तिथंच लिहायला जात. मग गेम उघडण्याआधीच 'ॲक्सेस डिनाइड'.

पोरांनी यावर तोड काढली. एक्सपी प्रोफेशनलच्या स्वागताच्या पडद्यावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दोनदा दाबलं की जुनी लॉगिन चौकट येई. नावात 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहायचं, पासवर्ड कोरा ठेवायचा आणि एंटर. विंडोज टाकताना तो पासवर्ड कोणी भरलेलाच नसे. एमएस-सीआयटीच्या पुस्तकात हे नव्हतं. पण खातं म्हणजे काय, अधिकार म्हणजे काय, फाइल कुठे लिहिली जाते, हे गावातल्या कितीतरी पोरांनी त्या दोनदा दाबण्यातून शिकून घेतलं.

हुशार कॅफेवाले त्यांच्यापुढे गेले. त्यांनी 'डीप फ्रीज' बसवलं. त्यात तुम्ही काहीही करा, मशीन रिस्टार्ट झालं की सगळं पूर्ववत. व्हायरस गेला, आणि 'व्हाइस सिटी'चं अर्धं मिशनही गेलं. त्यात लोडशेडिंग. त्या वर्षांत विदर्भात वीज किती तास असायची ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. तासाचे वीस रुपये मोजून पोरगा बसला, मिशन संपत आलं, लाइट गेली, यूपीएसनं चार शिट्ट्या मारल्या आणि मान टाकली. लाइट आल्यावर 'न्यू गेम'. त्या वेळच्या शिव्या इथं छापता येणार नाहीत.

मग २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा आली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७. आता ॲडमिनिस्ट्रेटरलाही विचारणा सुरू झाली. पडदा अंधारायचा आणि चौकट यायची: या प्रोग्रामला बदल करू देता का? सगळं गाव वैतागलं. पुढे कळलं की तोच हेतू होता. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत उघड सांगितलं की वापरणाऱ्याला त्रास व्हावा म्हणूनच ही सोय केली आहे. लोक कटकट करतील, मग सॉफ्टवेअर बनवणारे तरी ऊठसूट ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मागणं सोडतील, असा हिशेब. सासूला टोचून सुनेला बोलायची ही रीत, आणि टोचणी लागली ती आमच्या गिऱ्हाइकांना.

गिऱ्हाईक यायचं. "भाऊ, काहून चालू नाही होऊन राह्यला हा गेम?" 'व्हाइस सिटी' असेल तर बहुतेक वेळा एकच रडगाणं: ६४० बाय ४८० चा व्हिडिओ मोड सापडत नाही. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. एक्सपीचा मोड निवडायचा आणि खाली 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'वर टिक करायची. गेम चालू. बिल? एक चहा.

'एज ऑफ एम्पायर्स २' चं दुखणं जास्त खोल होतं. पोरगा रडवेला होऊन यायचा, "ॲडमिनिस्ट्रेटर केलं आन् सारे सेव्ह गायब!" गायब काही झालेले नसत. अधिकार नसताना गेम प्रोग्राम फाइल्समध्ये सेव्ह लिहायला जाई, तेव्हा विंडोज त्याला नाही म्हणत नसे. गुपचूप ती फाइल वापरणाऱ्याच्या ॲपडेटा फोल्डरात, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या कोपऱ्यात ठेवून देई. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून गेम उघडला की तो खऱ्या फोल्डरात बघे, आणि तिथं काहीच नसे. लपलेले फोल्डर दिसते करायचे, व्हर्च्युअलस्टोअरमधून फाइल्स उचलायच्या, मूळ जागी टाकायच्या. गेलेलं राज्य परत मिळाल्यावर त्या पोराचं तोंड बघण्यासारखं असे.

आणि 'क्रिकेट ०७'. एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि गेममध्ये नव्या जर्सी, नवे संघ घालणारे पॅच पेनड्राइव्हवरून गावभर फिरू लागले. पॅचच्या फाइल्स गेमच्या फोल्डरात टाकायला गेलं की परवानगीची चौकट यायची. माझा उपाय साधा होता: गेम सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये टाकूच नका, डी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचं फोल्डर करा आणि तिथं टाका. निम्मी भांडणं तिथंच मिटत.

आता काही जुने हिशेब. पहिला, फॉरमॅटबहाद्दरांशी. गेम उघडत नाही, मार फॉरमॅट. प्रिंटर चालत नाही, मार फॉरमॅट. एका टिकेच्या कामासाठी या लोकांनी गावातल्या कितीतरी घरांचे लग्नाचे फोटो पुसले आणि वर पैसे घेतले. दुसरा, अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्यांशी. तीस-चाळीस रुपयांच्या सीडीतला क्रॅक चालावा म्हणून पहारेकरी झोपवायचा आणि अनोळखी फाइलला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यायचे, हा सल्ला काउंटरवर सर्रास मिळे. ती चौकट त्रासदायक होती खरी, पण प्रश्न रास्त विचारत होती. पेनड्राइव्हमधून आलेल्या 'न्यू फोल्डर' नावाच्या व्हायरसनं ज्यांचं मशीन खाल्लं त्यांना ते पटेल.

तिसरा हिशेब नीतीच्या ठेकेदारांशी. गेमपायी पिढी वाया चालली, असं यांचं म्हणणं. २०११ मध्ये केंद्राचे सायबर कॅफेचे नियम आले: ओळखपत्र, वर्षभर जपायची नोंदवही, साडेचार फुटांपेक्षा उंच पार्टिशन नको. त्यातलं बरंचसं योग्यच होतं; पण या मंडळींनी त्याच्या आडून कॅफे म्हणजे पाप अशी हवा केली. वाया गेलेल्या त्याच पोरांपैकी काही आज ई-सेवा केंद्रं चालवतात. पीक विम्याचा फॉर्म भरताना अंगठ्याचं यंत्र अडलं की ते राइट क्लिक करून त्याची सेवा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करतात. हे त्यांना 'व्हाइस सिटी'नं शिकवलं.

नंतरची वर्षं मला रटाळ वाटली. २०१५ मध्ये विंडोज १० आली आणि जुन्या सीड्यांवरच्या सेफडिस्क कुलपाचा आधारच तिनं काढून टाकला. मूळ, विकत घेतलेली सीडीसुद्धा चालेना. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, गेम मोबाइलवर गेले आणि कॅफेच्या जागी झेरॉक्स आणि मोबाइल कव्हरची दुकानं लागली. मोबाइलवर गेम अडला की पोरं तो काढून परत टाकतात. का अडला, हे कोणी विचारत नाही. विचारून करायचं तरी काय? तिथं राइट क्लिकच नाही.

पीसीवरही तेच सुरू आहे. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत पहिल्यांदा बसतानाच मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन खातं मागतात. 'व्हॅलोरंट' खेळायचा तर त्याचा व्हॅनगार्ड हा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात बसतो, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्याही वर. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला 'बॅटलफील्ड ६' सिक्युअर बूट सुरू असल्याशिवाय उघडतच नाही. ठगांना रोखायला हे केलंय, हे मान्य. पण जुनी चौकट मालकाला विचारायची: करू का? नवी मालकालाच सांगते: तुम्ही बसत नाही. या दोन्हींना सुरक्षा म्हणणं मला पटत नाही. पहिली सुरक्षा होती, दुसरी मालकीची बदली आहे.

म्हणून घरात पीसी असणाऱ्यांना एवढंच सांगणं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड स्वतः ठेवा, दुकानदाराकडे नको. पोरांना वेगळं, साधं खातं द्या, आणि गेम अडला की दुकानात पळवण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये बघायला शिकवा. जी कुठून आली ते माहीत नाही त्या फाइलला 'येस' म्हणू नका. आणि जुना पीसी चालतोय तोवर केवळ कंपनीनं अपात्र ठरवला म्हणून भंगारात घालू नका. त्यावर लिनक्स फुकट टाकता येतं, आणि त्यात सर्वोच्च अधिकाराचा पासवर्ड तुमचाच असतो.