धूमकेतू, महाकाय ग्रह आणि जीवसृष्टीचा उगम : पुण्यातील एका प्रयोगाच्या संदर्भात

प्रस्तावना

भोर व वेल्हे परिसरातील रायरेश्वर, तोरणा, राजगड हे डोंगर ज्या काळ्या बेसाल्टचे बनले आहेत, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तयार झाला. जीवसृष्टीच्या जुन्या खुणा मात्र सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. पृथ्वीचा आरंभकालीन पृष्ठभाग ज्वालामुखी, झीज व भूपट्टांच्या हालचालींमुळे जवळजवळ नाहीसा झाला आहे. म्हणूनच सूर्यमालेच्या जन्मकाळचे द्रव्य गोठलेल्या स्थितीत जपणाऱ्या धूमकेतूंना जीवसृष्टीच्या उगमाच्या अभ्यासात महत्त्व प्राप्त झाले. या अभ्यासातील सिद्ध भाग कोणता व अनुमान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

महाकाय ग्रहांचे कार्य

गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे धूमकेतूंच्या कक्षा बदलतात. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवरच आदळले. याउलट ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को हा धूमकेतू १९५९ मध्ये गुरूजवळून गेला आणि सूर्याच्या अधिक निकट येणाऱ्या कक्षेत ढकलला गेला. तेव्हा गुरू हा पृथ्वीचा केवळ रक्षक आहे, ही समजूत अपुरी ठरते.

याच धूमकेतूभोवती फिरलेल्या रोझेटा यानाच्या निरीक्षणांतून ग्लायसिन हे अमिनो आम्ल व फॉस्फरस आढळल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. मात्र त्याच्या पाण्यातील ड्युटेरियमचे प्रमाण सागरजलाच्या सुमारे तिप्पट निघाले. अर्थात जीवनाची काही घटकद्रव्ये धूमकेतूंत असतात, हे सिद्ध आहे. पृथ्वीवरील सर्व पाणी अशाच धूमकेतूंतून आले, असे म्हणता येत नाही.

फुग्याचा प्रयोग

फ्रेड हॉईल व चंद्रा विक्रमसिंघे यांनी याही पुढे जाऊन, धूमकेतूंतून सूक्ष्मजीवच पृथ्वीवर येतात, असे प्रतिपादन केले. पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी हे मत कसोटीला लावण्याचे ठरविले. इस्रोच्या साहाय्याने २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडून हवेचे नमुने घेण्यात आले. २००५ च्या प्रयोगातील नमुने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील होते. ४१ किलोमीटर हे अंतर भोर-पुणे रस्त्याहूनही कमी आहे. तथापि तेथे अतिनील किरणांचा मारा तीव्र असतो. नमुन्यांची तपासणी हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे झाली. त्यांत जिवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. जिवाणूंपैकी ९ ज्ञात प्रजातींशी जुळणारे होते. उरलेल्या ३ नव्या प्रजातींना २००९ मध्ये जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस व बॅसिलस आर्यभटाय अशी नावे मिळाली.

निष्कर्षाची मर्यादा

‘नवीन प्रजाती’ म्हणजे ‘परग्रहावरील प्रजाती’ नव्हे. या तिन्ही प्रजातींचे जनुकीय नाते पृथ्वीवरील ज्ञात जिवाणूंशीच जुळते. त्यांचे मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध झाले, असा दावा संशोधकांनीही केला नाही. पुढे बॅसिलस आर्यभटाय शेतजमिनीत, वनस्पतींच्या मुळांभोवतीही आढळला. असे जिवाणू जमिनीवरून वर गेले की वरून खाली आले, हे केवळ प्रजातीच्या नावावरून ठरत नाही. त्यासाठी त्यांच्यातील कार्बनसारख्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरील प्रमाणाहून वेगळे असल्याचा पुरावा लागेल.

समारोप

डॉ. नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या प्रयोगाने मूळ प्रश्न सुटला नाही. परंतु केवळ वादाचा मानला जाणारा विषय मोजमापाच्या कक्षेत आला. वर्गात हा प्रयोग शिकविताना ‘जीवसृष्टी अंतराळातून आली’ हे विधान सिद्धान्त म्हणून नव्हे, तर तपासणीसाठी खुले गृहीतक म्हणून मांडणे उचित ठरेल.