खांबाचा माथा

मागच्या मृगात गच्चीवर गेलो तेव्हा कठड्याच्या खांबांच्या बुडाशी तांबूस ओघळ दिसले. चारठाण्यातलं आमचं घर, वर लोखंडी पाइपांचा कठडा, चौदा खांब. बाहेरून रंग शाबूत होता, पपुद्रा कुठेच सुटला नव्हता. गंज आला कुठून? हाताने ठोकत गेलो. वरच्या भागात खणखणीत आवाज आणि बुडाशी बद्द. मग वर पाहिलं. चौदाही खांबांची तोंडं उघडी होती. पावसाळाभर पाणी आत पडत होतं, तळाशी साचत होतं आणि लोखंड आतून खात होतं. दोन पाइपांत गांधीलमाश्यांची पोळी होती, एकात वाळलेला पाला. वर्षानुवर्षं बाहेरून रंग देत आलो, आणि पाणी आत शिरत होतं ते माथ्यातून.

टोपणं आणायला गेलो. दुकानात ‘दोन इंची’ मागितली, दोन इंची मिळाली. घरी येऊन बसवली तर खुळखुळ वाजायला लागली. पहिल्याच वावधानात तीन उडून शेजारच्या अंगणात पडली. ती परत घेऊन आमच्या प्लंबरला दाखवली. त्याने एक बोटावर फिरवून विचारलं, “दोन इंची कशाची मागितली? जीआयची का पीव्हीसीची?”

त्या एका प्रश्नात या सगळ्या लेखाचं बीज आहे. लोखंडी पाइपाला आपण दोन इंची म्हणतो, कंपनी 50 एनबी म्हणते, आणि त्याचा बाहेरचा व्यास असतो 60.3 मिलिमीटर. म्हणजे ना दोन इंच, ना पन्नास मिलिमीटर. शेतात पाणी नेणारा प्लॅस्टिकचा दोन इंची पाइप मात्र बाहेरून मोजून 63 मिलिमीटरच भरतो, कारण प्लॅस्टिकच्या पाइपाचं नावच बाहेरच्या मापावरून पडतं: 63, 75, 90, 110. मला मिळालेली टोपणं 63 ची होती. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना तो दिसतसुद्धा नाही, पण वाऱ्याला पुरतो.

लोखंडी पाइपाचं नाव आणि माप असं फारकत घेऊन का बसलं, यालाही कारण आहे. हे पाइप मुळात पाणी आणि वाफ वाहून नेण्यासाठी बनत, तेव्हा गिऱ्हाइकाला आतल्या पोकळीशी देणंघेणं असे. नाव पोकळीवरून पडलं. पुढे पोलाद सुधारलं, पातळ जाडीतही तेवढाच दाब सोसू लागलं. पण बाहेरचे आटे, सॉकेट, एल्बो सगळे जुन्या मापाचे होते. म्हणून बाहेरचा व्यास तसाच ठेवला आणि जाडी आतून कमी केली. आपल्या भारतीय मानकातही 50 एनबीचा पाइप हलका, मध्यम, जड अशा तीन जाडींत येतो: 2.9, 3.6 आणि 4.5 मिलिमीटर. बाहेरून तिन्ही सारखेच. आत मात्र साधारण साडेचोपन्न, त्रेपन्न आणि एक्कावन्न. त्यामुळे बाहेरून बसणारी टोपी घ्यायची असेल तर जाडीची चौकशी नको. आत ठोकायची डमी घ्यायची असेल तर जाडीच सगळं ठरवते, शिवाय पाइपाच्या आत लांबीभर असलेली वेल्डची शिवण आडवी येते ती वेगळीच.

गोल पाइप मोजायचा कसा, हे त्याच प्लंबरकडून शिकलो. टेप आडवी धरून व्यास घेऊ नये, नेमका मधोमध कधी सापडत नाही. माथ्याजवळ दोरा एकच फेर घट्ट गुंडाळायचा, जिथे टोक भेटतं तिथे खूण करायची, दोरा सरळ करून मोजायचा आणि 3.14 ने भागायचं. लोखंडी दोन इंचीला दोरा भरतो 18.9 सेंटिमीटर, प्लॅस्टिकच्या दोन इंचीला 19.8. व्यासात पावणेतीन मिलिमीटर असलेला फरक दोऱ्यावर साडेआठ मिलिमीटर होऊन समोर येतो. अशा ठिकाणी व्हर्निअरपेक्षा मला दोराच भरवशाचा वाटतो. खांब दबून लंबगोल झाला असेल तरी दोरा दाखवतो तो त्याचा घेर, आणि पत्र्याची टोपी थोडीफार त्या घेराला जुळवून घेते.

हा खटाटोप मी चारठाण्यात करत होतो, आणि हे गाव खांबांचं आहे.

जिंतूर तालुक्यातल्या या गावाचं जुनं नाव चारुक्षेत्र असल्याचं गावकरी सांगतात. इथे 360 मंदिरं आणि तितक्याच बारवा होत्या असंही लहानपणापासून ऐकत आलो. आकडा श्रद्धेचा असेल, पण गावात फिरणाऱ्याला त्यामागचं कारण कळतं. गोकुळेश्वराचं मंदिर आहे, नृसिंहाचं आहे, बारव आहे, आणि एक उंच, कोरीव, एकटा उभा असलेला दगडी स्तंभ आहे. त्याला कोणी दीपस्तंभ म्हणतं, कोणी मानस्तंभ, कोणी विजयस्तंभ. घरांच्या भिंतींत, पारांवर, वाटेच्या कडेला कोरीव दगड दिसतात. लहानपणी त्यांवर बसून गोट्या खेळलो. ते कशाचे तुकडे आहेत हे तेव्हा विचारलं नाही. गच्चीवरच्या टोपणांनी तो प्रश्न विचारायला लावला.

मराठवाड्यातल्या यादवकाळातल्या मंदिराचा खांब एकसंध दिसतो, पण असतो तो मांडणीचा. खाली कुंभी, त्यावर खांबाचा दंड, कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे गोल कडी कोरलेला. दंडावर भरणी. भरणीवर शीर्ष, चारी दिशांना हात पुढे काढलेलं. बऱ्याचदा त्या हातांखाली कीचक असतात, पोट फुगवून, हात वर करून भार पेलणारे. मग तुळई. या थरांमध्ये चुना नाही. एका दगडावर कोरलेलं कुसू दुसऱ्याच्या खाचेत उतरतं आणि वरचं वजन सगळं जागेवर दाबून ठेवतं. अशा बांधणीला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्री तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, आणि अंबरनाथचं शिवमंदिर 1060 मधलं, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. नाव आणि वस्तू इथेही जुळत नाहीत.

खांबावरचं हे शीर्ष शोभेसाठी आहे असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. ते तसं नाही. आपला काळा पाषाण दाबाला अजोड आहे. कितीही वजन ठेवा, तो सोसतो. पण वाकवलं की तडकतो. दोन खांबांवर आडवी ठेवलेली दगडी तुळई मधोमध खाली झुकू पाहते, तिच्या खालच्या अंगाला ताण पडतो आणि तिथेच ती मोडते. समजा दोन खांबांत आठ फुटांचं अंतर आहे. दोन्हीकडच्या शीर्षांनी एकेक फूट हात पुढे काढला तर तुळईला अधांतरी राहावं लागतं सहाच फूट. वाकवणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौसष्टाऐवजी छत्तीस. अंतर पाव भागाने घटलं आणि जोर जवळजवळ निम्म्यावर आला. कीचकाच्या चेहऱ्यावरचा भार खरा आहे.

पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा शीर्ष खांबाच्या बरोबर मधोमध बसतं. दोन बोटं सरकलं तर वजन एका कडेवर येतं आणि ती कड फुटते. म्हणून कुसू लागतं. भार पेलायला नव्हे, जागा सोडू नये म्हणून. चुना-सिमेंट असतं तर फट भरून काढता आली असती. इथे ती सोय नाही. खालच्या दगडाचं माप वरच्या दगडावर उतरवायचं आणि वरचा त्या मापाने घडवायचा. हे माप अंगुळात आणि हस्तात चाले. आठ यव आडवे मांडले की एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हस्त. जवाचा दाणा जिथे मापाचं मूळ आहे तिथे बारकाई किती धरली असेल ते ध्यानात येतं.

तुळईखाली पुढे काढलेला हात दगडापुरता नव्हता. आमचं जुनं माळवदाचं घर मला आठवतं: दगडी तळखडा, त्यावर लाकडी खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, वर किलचण आणि माती. लाकडी हस्त तेच काम करत होता जे शीर्ष करतं. त्याहून साधी गोष्ट शेतातल्या झोपडीची. मेढ म्हणजे वर दुबेळकं असलेलं लाकूड, त्याच्या बेचक्यात आढं बसतं. मेढ निवडताना माणूस आधी बेचक्याकडे पाहतो, आढ्याची जाडी हाताने चाचपतो आणि मग कुऱ्हाड चालवतो.

माळवदातल्या खांबाच्या डोक्यावर अख्खं छप्पर असे, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. कुंपणाचा डांब उघड्यावर असतो. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. झाड असताना याच नळ्यांतून पाणी वर चढत होतं. डांब कापला की त्या नळ्यांची तोंडं वर उघडी पडतात आणि पाऊस त्यांतून खाली उतरतो, बाजूने शिरेल त्याच्या कितीतरी पट वेगाने. लाकडातली ओल वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिली तर कुजवणारी बुरशी धरत नाही, आणि उघडा माथा ती मर्यादा पावसाळाभर ओलांडून ठेवतो. जुने शेतकरी डांबाचा माथा तिरका तासत ते पाणी निथळावं म्हणून. पत्र्याची किंवा लाकडाची टोपी त्याच्याही पुढचं काम करते, मात्र ती खांबाच्या बाहेर थोडी आलेली हवी आणि तिच्या खालच्या कडेला बारीक खाच हवी, म्हणजे थेंब आत न वळता तिथूनच तुटून पडतो. ओल्या डांबावर टोपी ठोकणं मात्र घातक. ओल आत कोंडते. आधी उन्हात खडखडीत वाळवायचा.

लाकडाच्या मापाचीही तीच गत. सुताराकडे चार बाय चारचा नग मागितला तर तो करवतीचं माप सांगतो. रंधा फिरला की दोन-चार सूत गेले. आठ सुतांचा एक इंच, हे आमच्याकडच्या सुतारांचं अजूनचं चलन. अमेरिकेत हा फरक कायमचाच ठरून गेला आहे. तिकडे चार बाय चार म्हणून विकला जाणारा रंधलेला खांब साडेतीन इंचांचा असतो, सहा बाय सहाचा साडेपाच. न रंधलेला मात्र पुरा चार इंच. तिकडे स्थायिक झालेल्या आमच्या चुलतभावाने परसातल्या लाकडी ओट्याच्या कठड्याला टोप्या बसवताना मला फोन केला होता. जुने खांब न रंधलेले होते आणि टोप्या साडेतिनाच्या. मी त्याला सांगितलं, आधी प्रत्येक खांबाच्या दोन्ही बाजू मोज, एक मोजून चारी सारख्या धरू नकोस. अगदी माथ्याला मोज आणि चार बोटं खालीही, कारण वरचं टोक बहुधा फाकलेलं असतं. दोन्ही कर्ण घे. सारखे आले तर खांब काटकोनात, नाहीतर तिरका. सगळ्यांत मोठं माप धर आणि त्यावर सूतभर मोकळीक दे, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं. दगडाला ही मोकळीक लागत नाही, लोखंडाला फक्त रंगाच्या थरापुरती.

उघड्या तोंडाच्या पाइपाने पाणीच आत जातं असं नाही. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात खाणींच्या हक्काच्या खुणा म्हणून पांढरे पोकळ प्लॅस्टिकचे पाइप हजारोंनी रोवले गेले. झाडाच्या ढोलीत घरटं करणारे पक्षी जागा शोधत त्यांत उतरले. आतून गुळगुळीत भिंती, पंख पसरायला जागा नाही, वर येता आलं नाही. एकेका पाइपात पक्ष्यांच्या सांगाड्यांचे थर सापडले. तिथे अखेर कायदा करावा लागला.

आपल्याकडे हे दुःख पक्ष्यांवर थांबत नाही. मराठवाड्यात बोअर घेणं हा दर उन्हाळ्याचा जुगार आहे. पाणी लागलं नाही की गाडी पुढच्या शेतात जाते आणि मागे जमिनीत सहा-साडेसहा इंची तोंड उघडं राहतं. त्यात लेकरं पडली, देशभर पडली. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नियम घालून दिले: केसिंगच्या तोंडावर पोलादी पत्रा वेल्ड करायचा किंवा भक्कम टोपी नट-बोल्टने आवळायची, भोवती अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद सिमेंटचा ओटा, 30 सेंटिमीटर जमिनीवर आणि तितकाच जमिनीखाली. सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत भरून घ्यायची. नियम स्पष्ट आहे. तरी बांधाबांधाने फिरताना केसिंगवर उपडं घातलेलं घमेलं दिसतं, दगड ठेवलेलं पोतं दिसतं, आणि मला तिथून हलवत नाही. घमेलं म्हणजे टोपी नव्हे. ते चार वर्षांच्या पोरालाही उचलता येतं.

आमच्या शेतात अशी एक कोरडी बोअर होती. तिच्यावर फरशीचा तुकडा होता. गच्चीची टोपणं आणायला दुसऱ्यांदा निघालो त्याच्या आदल्या दिवशी दोरा घेऊन आधी तिकडे गेलो. केसिंग जमिनीबाहेर वीतभर होतं, कडा ट्रॅक्टरच्या धक्क्याने एकीकडे चेपलेली. दोरा दोनदा गुंडाळला, दोन्ही वेळा तेच माप आलं. वहीत लिहून घेतलं, खाली गच्चीच्या चौदा खांबांची मापं होती. ती आणि हे, सगळं घेऊन सकाळी जिंतूरच्या एसटीत बसलो.