तीन व्हॉल्व्ह आणि एक बटण

विजेच्या गिटारीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक गिटारीविषयीच लिहितात, आणि ज्या पेटीतून तिचा आवाज प्रत्यक्ष बाहेर पडतो तिला सामानसुमानाच्या यादीत शेवटच्या ओळीवर जागा देतात. हा क्रम मला नेहमी अन्यायाचा वाटत आला आहे. भरीव लाकडाच्या गिटारीला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तारेखालच्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यात तारेच्या कंपनाने जो अत्यल्प विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, त्याला नादाचे रूप येण्यासाठी दुसऱ्या यंत्राचा आश्रय घ्यावा लागतो, आणि ते यंत्र जसे असेल तसा तो नाद घडतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर हा वाद्याचाच उत्तरार्ध होय, असे मी मानतो. आणि या उत्तरार्धाचा जो सर्वांत लहान, सर्वांत साधा व माझ्या मते सर्वांत प्रामाणिक नमुना विसाव्या शतकाने निर्माण केला, तो म्हणजे अमेरिकेतील फेंडर कंपनीचा ‘चॅम्प’. १९५८ सालचा असा एक अ‍ॅम्प माझ्या संग्रही आहे. संग्रही म्हटले तरी तो कपाटात नसतो. तो मी वाजवतो.

क्लॅरेन्स लिओ फेंडर हे १९०९ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील एका संत्र्यांच्या बागाइतदार कुटुंबात जन्मले. शिक्षण घेतले ते हिशेबनिसीचे. काही काळ राज्याच्या महामार्ग खात्याच्या दप्तरी नोकरीही केली. आणि १९३८ साली फुलर्टन या गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नवलाची म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिच्यातच त्यांच्या यशाचे मूळ दिसते. वादक स्वतःच्या कानावर विसंबतो, पण ज्याला वाजवता येत नाही त्याला दुसऱ्याची कैफियत ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसते. आणि दुकानात येणारे वादक जी कैफियत मांडत ती बहुधा एकाच प्रकारची असे, की अमुक भाग निखळला, तमुक भाग जळाला, आणि ऐन रंगात यंत्राने दगा दिला. या अनुभवातून, आणि हिशेबनिसाच्या मूळ किफायतशीर वृत्तीतून, त्यांची रचनापद्धती तयार झाली: जो भाग वगळता येईल तो वगळावा, आणि जो ठेवणे भाग आहे तो कोणत्याही लहान गावच्या रेडिओ-कारागिराला बाजारात मिळेल व डाख लावून बदलता येईल असा असावा.

१९४६ साली त्यांनी स्वतःच्या नावाने कंपनी काढली, तेव्हा तिचा मुख्य माल आज जगप्रसिद्ध असलेल्या उभ्या गिटारी नव्हत्या. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने वाजवायची हवाईयन गिटार आणि तिच्यासोबतचा अ‍ॅम्प हाच तो माल होता. (हवाईयन गिटारीचे वेड पुढे आपल्याकडेही पोहोचले, आणि मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतांच्या चाली वाजवून ज्या ध्वनिमुद्रिका काढल्या त्या ऐकत एक पिढी वाढली.) त्या गिटारीच्या विद्यार्थ्यांसाठी, घरातल्या खोलीत सरावाला पुरेल आणि पालकांच्या खिशाला झेपेल असा अ‍ॅम्प म्हणून १९४८ साली ‘चॅम्पियन ८००’ व १९४९ साली ‘चॅम्पियन ६००’ बाजारात आले. पहिल्यात आठ इंची, दुसऱ्यात सहा इंची स्पीकर होता. नाव आखडून ‘चॅम्प’ झाले. आणि १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला जे रूप आले, ज्याला जाणकार आराखड्याच्या क्रमांकावरून ‘५ एफ १’ म्हणतात, तेच माझ्याजवळ आहे. दातेरी सांध्यांनी जोडलेली पाइन लाकडाची पेटी, तिच्यावर तिरप्या रेघांचे पिवळट सुती कापड, ज्याला वादकांच्या व्यवहारात ‘ट्वीड’ म्हणतात, पुन्हा आठ इंची झालेला स्पीकर, गिटारीची पिन लावायला दोन जागा, एक लाल दिवा, एक फ्यूज, आणि एकच बटण, ज्याने अ‍ॅम्प चालू होतो आणि आवाजही वाढतो. मंद्र-तार कमीअधिक करण्याची तजवीज नाही, प्रतिध्वनी नाही, कंपन नाही.

मागची फळी काढली की तीन व्हॉल्व्ह खाली डोके वर पाय अशा स्थितीत लोंबताना दिसतात. त्यांच्या कामाची वाटणी मोठी रेखीव आहे. ‘५ वाय ३’ हा घरातल्या उलटसुलट विजेला एकाच दिशेने वाहायला लावतो. ‘१२ एएक्स ७’ च्या एकाच काचेत दोन व्हॉल्व्हांचा संसार असून गिटारीकडून आलेला क्षीण संदेश तो दोन टप्प्यांत मोठा करतो. आणि ‘६ व्ही ६’ त्या संदेशाला स्पीकरचा कागद हलवण्याइतके, म्हणजे सुमारे पाच वॅटचे, बळ देतो. तिघांतही मूलभूत क्रिया तीच: निर्वात काचेत एक धातूचा भाग तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि पलीकडच्या धन पट्टीकडे धावतात. शेवटच्या दोघांत ‘धावतात’ एवढ्यावर भागत नाही. वाटेत तारांची बारीक जाळी असते, आणि गिटारीचा संदेश त्या जाळीवर बसून तो प्रवाह कधी मोकळा सोडतो, कधी रोखतो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली केलेल्या या एका जाळीच्या योजनेवर रेडिओचे अर्धे शतक उभे राहिले. आणि रेडिओने तिला निरोप दिल्यानंतरही गिटारवादकांनी दिलेला नाही, याला केवळ जुन्याचा मोह हे कारण नाही.

ते कारण संगीताचे आहे. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये शेवटच्या टप्प्याला दोन किंवा चार व्हॉल्व्ह परस्परविरुद्ध जोडीने काम करतात, आणि या व्यवस्थेत त्या टप्प्यावर निर्माण होणारे सम क्रमांकाचे उपस्वर एकमेकांना मारून टाकतात. चॅम्पमध्ये शेवटी एकटा ‘६ व्ही ६’ आहे. त्यामुळे तो ताणला गेला की त्याच्या विकृतीतून जन्मणारा दुसरा उपस्वर शिल्लक राहतो. दुसरा उपस्वर म्हणजे मूळ स्वराचा तार षड्ज. चौथा म्हणजे त्याच्याही वरचा षड्ज. मधला तिसरा तार पंचम. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार ज्याने कान देऊन ऐकला आहे, त्याला हे वेगळे समजावण्याचे कारण नाही: इथे यंत्र स्वर बिघडवते ते त्याच्याच कुळातले स्वर त्यात मिसळून. शिवाय व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेशी एकाएकी थबकत नाही. लाटेचे माथे तो आधी हळूहळू गोलसर करतो आणि मगच कापतो. त्याच्या जोडीला ‘५ वाय ३’ ची आणखी एक खोड आहे. तार जोरात छेडली की ‘६ व्ही ६’ ला अचानक अधिक वीज हवी होते, ती पुरवताना या व्हॉल्व्हवरचा दाब क्षणभर उतरतो व मग सावरतो. परिणामी स्वराचा आरंभ किंचित दबतो आणि त्याची पाठ फुगते, दीर्घ होते. बोटाला हे कळते. बोटाखाली काहीतरी लवचीक आहे असा तो प्रत्यय असतो, आणि ज्याने तो एकदा घेतला त्याला कोरड्या, ताठ यंत्रावर वाजवताना चुकल्यासारखे होते.

पाच वॅट हा आकडा ऐकून नवखे वादक नाक मुरडतात. मानवी कानाचा हिशेब मात्र सरळ गुणाकाराचा नाही. दसपट वीज खर्च केली तर आवाज ढोबळमानाने दुप्पट भासतो. म्हणजे पन्नास वॅटचा भारदस्त अ‍ॅम्प चॅम्पच्या दुप्पटच मोठा वाटावा. फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. मोठ्या अ‍ॅम्पचे शेवटचे व्हॉल्व्ह घरच्या खोलीत कधी कामालाच लागत नाहीत, कारण ते कामाला लागण्याआधी शेजारी दाराशी येतात. त्याचा धनी आयुष्यभर त्याच्या उंबरठ्यावरच वाजवत राहतो. चॅम्पचे सारे अंग, पहिल्या जाळीपासून स्पीकरच्या कागदापर्यंत, एका साध्या खोलीत पूर्णपणे राबते. पूर्ण उघडल्यावर तोही फ्लॅटमध्ये सौम्य राहत नाही, हे मी इथे नमूद करतो. पण दुपारच्या वेळी, खिडक्या लावून, तो त्याच्या सर्वस्वानिशी वाजवता येतो. ध्वनिमुद्रणात तर पेटीचा आकार गौणच. मायक्रोफोन स्पीकरसमोर हातभर अंतरावर ठेवला की त्याला पेटी केवढी आहे याची वार्ता नसते. १९७० साली मायामीच्या क्रायटिरिया स्टुडिओत निर्माते टॉम डाउड यांच्या देखरेखीखाली ‘लैला’ हा संच मुद्रित झाला, तेव्हा एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन यांच्यापुढे असेच छोटे अ‍ॅम्प होते. ज्यांनी त्या गिटारी मोठ्या सभागृहातल्या म्हणून ऐकल्या त्यांना ही हकीगत अजूनही खरी वाटत नाही.

वाजवण्याची गोष्ट निराळी काढून सांगावी लागेल. व्हॉल्यूमच्या बटणावर आकडे बारापर्यंत आहेत. तीन-चारपर्यंत आवाज स्वच्छ, काचेसारखा. पाचच्या पुढे तो फारसा वाढत नाही, दाट होत जातो. आणि नवाच्या वर मंद्र तारा विस्कटू लागतात, कारण लहान पेटी आणि आठ इंची कागद यांना तो भार पेलवत नाही. मी बटण सातावर ठेवतो, आणि पुढचा सारा कारभार गिटारीवरच्या बटणाकडे व उजव्या हाताकडे सोपवतो. हलके छेडले की आवाज स्वच्छ होतो, जोर दिला की तडकतो. अंगठ्याच्या मांसाने एक वर्ण, नखाने दुसरा, पट्टीने तिसरा. एक मर्यादा सांगितली पाहिजे. ताणलेल्या अवस्थेत दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर उत्पन्न होतात. षड्ज-पंचम जोडी त्यातून सुखरूप निघते, पण कोमल गांधार घातलेली स्वरसंहती गढूळ होते, आणि जॅझमधल्या दाट संहतींचा तर चिखलच होतो. म्हणून वादक नकळत कमी स्वर वाजवू लागतो, दोन तारांवर विचार करू लागतो. उणिवेतून आलेली ही शिस्त आहे, आणि माझ्या वादनावर कोणत्याही पुस्तकापेक्षा तिचा अंमल अधिक चालला आहे.

मालकीचे सुख पेटीच्या आतल्या कागदपत्रांत आहे. व्हॉल्व्ह कोणता कुठे बसवावा हे सांगणारा एक कागद आत चिकटवलेला असतो, आणि त्यावर दोन अक्षरांचा शिक्का. माझ्या कागदावर ‘एच’ आणि ‘ई’ आहेत: पहिले अक्षर वर्षाचे, १९५१ पासून मोजलेले, दुसरे महिन्याचे, म्हणजे मे १९५८. ट्रान्स्फॉर्मरवर ६०६ हा आकडा शिकागोच्या शूमाकर कारखान्याचा, त्यापुढे वर्ष व आठवडा. फेंडरच्या त्या काळच्या अ‍ॅम्पवर ‘अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ’ आणि ‘वेस्टर्न इलेक्ट्रिक’ यांच्या पेटंटांखालील परवान्याची नोंद असते. म्हणजे या गरीब विद्यार्थ्यांच्या पेटीची वंशावळ दूरध्वनीच्या तारांपर्यंत जाते. आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेन्सिलीने एक स्त्रीचे नाव. फुलर्टनच्या कारखान्यात तारा जोडण्याचे काम स्त्रिया करीत, त्यांपैकी अनेक मेक्सिकन वंशाच्या, आणि पूर्ण केलेल्या कामावर त्या आपले पाळण्यातले नाव टाकीत. पासष्ट वर्षांहून अधिक काळ टिकलेले तिचे डाख मी पाहतो तेव्हा त्या स्वाक्षरीचा हक्क कंपनीच्या नामफलकाहून मोठा वाटतो.

असा अ‍ॅम्प भारतात वागवायचा तर काही दक्षता अपरिहार्य आहेत. तो ११७ व्होल्टांचा, आपली वीज २३०. मध्ये चांगल्या वजनाचा स्टेप-डाऊन ट्रान्स्फॉर्मर हवा. तिकडची वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, आपली पन्नासची, त्यामुळे त्याचा स्वतःचा ट्रान्स्फॉर्मर इथे थोडा अधिक तापतो. अखंड तास-दोन तासांनंतर मी त्याला विश्रांती देतो. मूळची दोन पिनांची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची घालणे याला पर्याय नाही. वीज गाळणारे मोठे कंडेन्सर काळाने वाळतात, मग आवाजात गुणगुण शिरते. काही संग्राहक ते जपून ठेवतात, कारण बाजारभाव मूळ भागांवर ठरतो. मला हे मान्य नाही. कंडेन्सर हा झिजण्यासाठीच असतो, आणि तो फुटला तर ट्रान्स्फॉर्मर, जो खरोखर दुर्मीळ आहे, तो सोबत जळू शकतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून साडेचारशे व्होल्टांचे नवे कंडेन्सर आणून ते बसवून घेतले, जुने एका डबीत चिठ्ठीसह ठेवले. हे काम व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेल्या एका वयस्क कारागिराकडे दिले, कारण आत तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही कंडेन्सर तो भार धरून ठेवतात. ते कोणी हौसेने उघडू नये.

१९६४ साली चॅम्पला काळे वेष्टन आणि मंद्र-ताराची दोन बटणे मिळाली. १९६५ च्या जानेवारीत फेंडर यांनी कंपनी सीबीएसला विकली. १९८२ पर्यंत चॅम्प या ना त्या रूपाने निघत राहिला. त्या नंतरच्या चॅम्पांनाही गुण आहेत, परंतु दोन बटणांमधून जाताना संदेशाचा जो अंश गळतो तो मला जाणवतो.

राहिला प्रश्न व्हॉल्व्हांचा. आरसीएने न्यू जर्सीतल्या हॅरिसनचा कारखाना १९७६ साली बंद केला. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील चाद्‌त्सा आणि चीन येथून येतात. २०२२ साली रशियाने निर्यात थांबवली तेव्हा जगभरच्या गिटारवादकांना आपली वाद्ये किती थोड्या कारखान्यांवर अवलंबून आहेत हे उमगले. माझा सध्याचा ‘६ व्ही ६’ चाद्‌त्साचा आहे, आणि तो उत्तम आहे. ‘१२ एएक्स ७’ च्या जागी मात्र आपल्याच देशातला व्हॉल्व्ह आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनवले, त्यांत या जातीचाही होता, आणि जुन्या दुकानांच्या मागच्या कपाटांतून खोक्यासकट कोरे नग अधूनमधून निघतात. तसा एक मिळाल्यावर मी तो चाचणीपुरता बसवला. आवाज किंचित सौम्य झाला, आणि बटण आठावर असताना मंद्र तारांवर जो गढूळपणा खटकत असे तो बराच निवळला. तेव्हापासून तो तिथेच आहे, आणि दुसरा एक मी राखून ठेवला आहे.