शिंग फुटण्याआधी

पाऊस सरला, धान कापून झाले आणि माश्या कमी झाल्या, की वासरांची शिंगे काढायला बरे दिवस येतात. मुर्री हे गोंदिया शहराला खेटून असलेले गाव. अशा ठिकाणी अरुंद कोठ्यात चार-पाच संकरित गाई बांधल्या, की शेजारणीच्या शिंगाने कास फाटते, गाभण गाईच्या पोटाला मार लागतो, दूध काढणाऱ्याच्या डोळ्याला धोका होतो. म्हणून जर्सी किंवा होल्स्टिनच्या संकरित कालवडीची शिंगे काढणे मला गैर वाटत नाही. गैर आहे ते वय उलटू देणे आणि भूल न देता उरकणे.

नव्या वासराच्या शिंगाचा कोंब फक्त कातडीत असतो, बोटाने दाबला तर सरकतो. साधारण दोन महिन्यांनी तो कवटीच्या हाडाशी जुळतो. सहा-आठ महिन्यांचे वासरू झाले की कपाळातली हवेची पोकळी शिंगात शिरू लागते. त्यानंतर करवत लावली तर त्या पोकळीलाच तोंड पडते. रक्त थांबवणे अवघड जाते, जखम आठवडेच्या आठवडे उघडी राहते आणि पावसाळ्यात तिच्यात अळ्या पडतात.

कोंब जाळण्याची रीत सोपी आहे, पण तिचा क्रम पाळावा लागतो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचे मूळ यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखालून शिंगाची नस जाते. तिथे दोन्ही बाजूंना लिग्नोकेनची भूल द्यायची, दहा मिनिटे थांबायचे, सुई टोचून वासरू दचकते का ते पाहायचे. मगच लाल तापलेले यंत्र कोंबावर टेकवून फिरवायचे. भोवती तांबूस कडे उमटले की काम झाले. ही भूल दोन-तीन तासांत उतरते, दुखणे मात्र त्याहून जास्त टिकते. म्हणून डॉक्टरांकडून मेलॉक्सिकॅमचे इंजेक्शन मागून घ्यावे. ते महाग नाही, आणि वासरू लवकर दूध प्यायला लागते.

पहिल्या आठवड्यात दाहक मलमही चालते, पण ते कॉस्टिक असते. पावसात भिजून ओघळले तर डोळा जातो, आणि वासरू आईला ढुसण्या देत प्यायले तर तिची कास भाजते. जिथे वासरू गाईलाच पाजतात, तिथे मी हे मलम सुचवणार नाही.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीने शिंगे काढण्याला मुभा ठेवली होती. ती पद्धत लिहून मिळायला 2023 चे नियम यावे लागले. आता हे काम पशुवैद्यकाकडून, भूल देऊनच व्हायला हवे. डाग देणाऱ्या जाणकाराला बोलावण्याचे दिवस संपले, आणि ते संपले याचे मला समाधान आहे.

बैलांची गोष्ट निराळी. पूर्व विदर्भाच्या धानाच्या बांधीत राबणाऱ्या कठाणी जनावरांना आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली आहे. पोळ्याला ज्यांच्या शिंगांना रंग, बेगड आणि शेंब्या चढतात, त्या गोऱ्ह्यांच्या कोंबाला कुणी हात लावू नये. शिंगाच्या आतल्या हाडात रक्त खेळते आणि उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याची मदत होते. मात्र याच शिंगांना कर्करोगही होतो, तोही बैलांमध्ये जास्त. बैल सारखे डोके झटकत असेल, एका नाकपुडीतून रक्त येत असेल, शिंग एका बाजूला कलत असेल, तर वाट पाहू नये. वेळेवर शिंग मुळापासून कापले तर बैल वाचू शकतो. शिंगे साळताना काच वा पाते खोल जाऊ देऊ नये, एवढी काळजी पोळ्याआधी घेता येते.

गाईंची शिंगे काढणे टाळायचे तर एक मार्ग ती राखण्याचा. स्वित्झर्लंडमध्ये आर्मिन कापाउल या शेतकऱ्याने शिंगे राखणाऱ्यांना अनुदान मिळावे म्हणून थेट जनमत घ्यायला लावले. नोव्हेंबर 2018 मध्ये तो प्रस्ताव हरला, तरी जवळपास 45 टक्के मते त्याच्या बाजूने पडली. दुसरा मार्ग मुळातच बिनशिंगी जनावरांचा आहे. स्कॉटलंडची अँगस जात जन्मतःच तशी असते. बिनशिंगीपणाचा गुण प्रभावी असल्यामुळे दोन्ही बाजूंनी तो घेऊन आलेल्या वळूची जवळजवळ सगळी वासरे बिनशिंगी निघतात. होल्स्टिन आणि जर्सीतही असे वळू आहेत. संकरित गाईला रेतन करायचे असेल तेव्हा बिनशिंगी वळूच्या वीर्याच्या कांड्या मिळतील का, हे दवाखान्यात विचारायला हरकत नाही. चार जणांनी मागितल्या तरच त्या तालुक्यापर्यंत पोचतील.