सरहद्द ओलांडली तरच स्थलांतरित?

अक्कलकोट तालुक्याच्या पूर्वेस आणि दक्षिणेस कर्नाटकाची हद्द आहे. दुधनीच्या आसपासच्या एखाद्या खेड्यातून मुकादमाची उचल घेऊन निघालेली टोळी शेजारच्या अफझलपूर तालुक्यात ऊस तोडण्यास गेली, तर तासा-दोन तासांच्या प्रवासाने तिच्यातील माणसे कायद्याच्या दृष्टीने ‘आंतरराज्य स्थलांतरित कामगार’ ठरू शकतात. त्याच खेड्यातील दुसरे एखादे कुटुंब साडेचारशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून मुंबईस गेले, पुरुष बांधकामावर आणि बाई धुण्याभांड्यास लागली, तर ते कायद्याच्या लेखी स्थलांतरितच नव्हे. या भागातील कित्येक घरांत कानडी बोलली जाते. त्या घरांतील माणसांना अफझलपूर परके नाही; परकी वाटते ती मुंबईच. कायद्याची समजूत मात्र नेमकी उलटी आहे.

१९६७ च्या महाजन अहवालाने अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्यास द्यावा, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला आणि ते योग्यच झाले. परंतु ती शिफारस अमलात आली असती, तर ठेकेदारामार्फत मुंबईस जाणारा अक्कलकोटचा मजूर कायद्याच्या संरक्षणास पात्र ठरला असता. डोक्यावरची घमेली तीच, राहण्याची झोपडी तीच; हक्क तेवढे नकाशावरील रेघेबरोबर सरकले असते.

हा कायदा म्हणजे १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. ओरिसातून ‘दादन’ पद्धतीने, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन, परराज्यांत नेल्या जाणाऱ्या मजुरांची दैना हे त्याचे मूळ. प्रवासभत्ता, महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापनभत्ता, ठेकेदारास परवाना आणि मजुरांची नोंद अशा त्यातील तरतुदी कागदावर उत्तम होत्या. परंतु पाच किंवा अधिक आंतरराज्य कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो लागू होता आणि ठेकेदाराविना स्वतःच्या पायाने आलेल्यांस त्यात स्थान नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत लक्षावधी माणसे महामार्गांवरून चालू लागली, तेव्हा त्या नोंदी कोठे आहेत हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात, या काळात किती स्थलांतरित मजूर मृत्यू पावले याची माहिती आपल्यापाशी नाही, असे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. चाळीस वर्षे जुन्या कायद्याचे याहून कठोर मूल्यमापन कोणा टीकाकारास करता आले नसते.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा कायदा आपल्या पोटात घेतला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. आता स्वतःहून आलेला कामगारही व्याख्येत बसतो, शिधा गावी घ्यावा की कामाच्या राज्यात याची निवड त्यास करता येते; ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. तथापि पाचाची अट दहा झाली, विस्थापनभत्ता गळाला, आणि ‘आंतरराज्य’ हा शब्द जेथे होता तेथेच राहिला. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. त्यांपैकी राज्याची सीमा ओलांडलेले सुमारे साडेपाच कोटी. उरलेल्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांची संख्या फार मोठी आहे, हे मान्य. तरीही पोटासाठी राज्यातल्या राज्यात हिंडणाऱ्यांचा समूह लहान ठरत नाही. बीड, सोलापूर या जिल्ह्यांतून दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात जाणारा ऊसतोड कामगार त्यातलाच.

स्थलांतराचा विचार सीमेपासून नव्हे तर माणसापासून सुरू करणारी एक परंपरा कॅथलिक चर्चची आहे. स्वामी समर्थांच्या अक्कलकोटात पोपच्या परिपत्रकांचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. येथे मुद्दा उपासनेचा नसून अर्थशास्त्राचा आहे. तेराव्या लिओने १८९१ साली ‘रेरम नोव्हारम’ या परिपत्रकात, मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने ठरविलेले वेतनही मजुराच्या साध्या निर्वाहास अपुरे असेल तर ते न्याय्य नव्हे, असे प्रतिपादिले. उचल घेऊन कोयता हाती धरणाऱ्या जोडप्याच्या ‘राजीखुशी’ला हे विवेचन अचूक लागू पडते. पुढे १९५२ साली बाराव्या पायसने महायुद्धोत्तर निर्वासितांच्या निमित्ताने स्थलांतरितांविषयी स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. येशूच्या कुटुंबाचे मिसरात पलायन हा त्याचा आधार. ज्या धर्माची मूळ कथाच निर्वासित कुटुंबाची आहे, त्याने या विषयावर न बोलणे विचित्र ठरले असते.

मराठी वाचकास याचे जवळचे उदाहरण मुंबईत सापडते. बोटीवर नोकरी शोधणाऱ्या गोवेकर ख्रिस्ती तरुणांसाठी गावोगावच्या लोकांनी तेथे ‘कूड’ चालविले. नाममात्र भाड्यात पथारीपुरती जागा आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, एवढाच त्यांचा पसारा. पण परक्या शहरातील पहिल्या काही महिन्यांचा खर्च व एकटेपणा त्यांनी निम्म्यावर आणला असेल. गिरणगावात कोकणातील मंडळींनी गावाच्या नावाने घेतलेल्या खोल्या याच जातीच्या. तरीही ही झाली आपापल्या माणसांची सोय. अनोळखी माणसासाठी कायदा मागणे ही पुढची पायरी, आणि ती चढण्याचे श्रेय बेल्जियममधून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांना द्यावे लागेल. १९८५ साली त्यांनी मुंबईत राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली. घरकामास येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया गावाकडून आलेल्या, त्यांत अल्पवयीन मुलीही पुष्कळ. त्यांना जुनी लुगडी आणि शिळे अन्न देणारी घरे शहरात कमी नव्हती. ‘ही कामगार आहे’ असे म्हणणारे मात्र कोणी नव्हते.

या आणि अशा इतर संघटनांच्या रेट्याने जे पदरात पडले ते थोडे असले तरी पक्के आहे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ मध्ये बंदी आली. २००८ साली महाराष्ट्राने घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हे कामाचे ठिकाण मानले गेले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांचा १८९ वा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्यास मान्यता दिली नाही. सुशिक्षित मध्यमवर्ग येथे स्वतःच मालक आहे, हे या दिरंगाईचे एक कारण असावे.

चर्चच्या हेतूंविषयी आपल्याकडे संशय व्यक्त होतो. त्या वादाचा निकाल येथे लावण्याची आवश्यकता नाही. मागणी कोणी केली यापेक्षा ती काय आहे हे तपासणे अधिक फलदायी. अर्थशास्त्राच्या बाजूने घ्यावयाचा आक्षेप निराळा आहे. नैतिक आवाहनाने मजुरी वाढत नाही. काम मागणारे हात वाढले की दर पडतो, आणि स्थानिक मजुराचा परक्याविषयीचा राग निव्वळ दुष्टपणातून येत नाही. अमेरिकेत हाच तिढा पडला आहे. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथील बिशपांनी बाल्टिमोर येथे सरसकट हद्दपारीस उघड विरोध नोंदविला. त्याच वेळी सीमांचे नियमन करण्याचा राष्ट्राचा अधिकारही त्यांनी नाकारला नाही. दारे सताड उघडा, असे त्यांचे म्हणणे नाही; आत आलेल्यास माणूस म्हणून वागवा आणि त्यासाठी कायदा बदला, हे आहे. भारतातल्या भारतात तर परदेशी असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

अक्कलकोटच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा विचार पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात मांडला: जाण्याचे स्वातंत्र्य तसेच राहण्याचेही. न जाण्याचा हक्क ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. १९७२ च्या दुष्काळातून निघालेल्या आणि १९७७ साली कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमीचे मर्म तेच होते. अवर्षणप्रवण तालुक्यातील अल्पभूधारकाने दिवाळीनंतर घराला कुलूप लावावे की नाही, हे ज्या दिवशी त्याच्या मर्जीवर ठरेल त्या दिवशी मुकादमाशी बोलताना त्याचा आवाजही बदलेल. अक्कलकोटच्या अन्नछत्रात पानावर बसणाऱ्यास गाव विचारले जात नाही, ही त्या क्षेत्राची थोरवी. पण महाप्रसाद हा भाविकाच्या श्रद्धेवर चालतो. मजुराचा शिधा, त्याच्या मुलाची शाळा आणि बाळंतपणातील सुट्टी श्रद्धेवर सोडता येत नाहीत.

श्रम हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने राज्यांतर्गत स्थलांतरासाठी कायदा करण्यास महाराष्ट्रास कोणाची आडकाठी नाही. पैसा कोण देणार, या प्रश्नाचे उत्तरही घरचेच आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकांकडून लेव्ही घेऊन हमालांना भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय मदत मिळवून दिली. अनेक मालकांकडे तुटक काम करणाऱ्या घरकामगार स्त्रीस हाच साचा बसतो. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनावर वर्गणी घेण्याचे तत्त्व राज्याने स्वीकारलेच आहे. उणीव आहे ती नोंदीची. कारखान्यांचे बॉयलर अग्निप्रदीपन दसऱ्याच्या सुमारास होते. त्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीने बाहेर जाणाऱ्या माणसांची नावे, जाण्याचे ठिकाण, मुकादमाचे नाव, घेतलेली उचल आणि सोबत नेलेली मुले एवढे जरी वहीत लिहिले, आणि त्या वहीची एक प्रत अफझलपूरला व दुसरी मुंबईला सारख्याच तत्परतेने गेली, तर २०२० चे उत्तर संसदेत पुन्हा देण्याची पाळी येणार नाही.