श्रीफळाआधीचा दर्या

श्रावणी पौर्णिमा म्हणजे घरोघरी राखी आणि नारळीभात. परंतु या पौर्णिमेस ‘नारळी’ हे नाव ज्यांच्या पूजेमुळे शोभते, त्या कोळीबांधवांच्या लेखी हा दर्याच्या सणाचा दिवस होय. सागरास श्रीफळ अर्पण केल्याविना होडी लोटायची नाही, हा त्यांचा कुळाचार. तो आज कितपत पाळला जातो, हे पाहावे म्हणून श्रावणातील एका पहाटे आम्ही मुंबईच्या ससून डॉकवर गेलो.

कुलाब्याची ही गोदी १८७५ सालची. आम्ही पोहोचलो तेव्हा चारचा सुमार होता. दिव्यांच्या उजेडात धक्का गजबजून गेला होता. बोटींतून टोपल्या वर येत होत्या, पायांखाली बर्फाचा चुरा वितळत होता आणि बोंबील, कोळंबी, बांगडे यांच्या राशींभोवती लिलावाचे पुकारे चालले होते. कोळणी गर्दीतून वाट काढीत माल पारखीत होत्या.

राज्यातील यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते. पौर्णिमा मात्र तिथीने येते. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला आली. कायद्याने दर्या खुला झाला, तरी रूढीने तो आणखी महिनाभर मिटलेलाच होता. पूर्वी बंदीची मुदत १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. सरकारी नियमातही या सणास मान होता.

एका वृद्ध कोळणीशी आमचे बोलणे झाले. मोठ्या बोटी गेल्या, पण आपल्या घरची होडी नारळ दिल्यावाचून निघत नाही, असे तिने सांगितले. शेजारच्या टोपलीतील तळहाताएवढीही न भरणारी पापलेटे तिने आम्हांस दाखविली. पावसाळा हा अनेक जातींच्या मासळीचा विणीचा काळ. पिल्ले वाढण्याआधीच उपसली, तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय यावे? २०२३ साली ज्याला राज्यमाशाचा मान मिळाला, त्या पापलेटाचीही हीच चिंता आहे.

श्रावणात अनेक घरांतून सामिष वर्ज्य असते. कोळी जाळे गुंडाळून ठेवतो. व्रत एकच. श्रीफळ वाहण्यापूर्वी तो पावसाळाभर हात आवरतो, आणि त्या अर्पणाचे पावित्र्य त्या आवरण्यात आहे. देवापुढे नारळीभाताचा नैवेद्य ठेवताना या संयमाचेही स्मरण व्हावे.