चंद्रपूर-गडचिरोलीतील घरगुती मत्स्यालय आणि हीटरच्या हाताळणीतील चुका

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कूलरच्या या प्रदेशात माशांसाठी हीटर घेणे अनेकांना चमत्कारिक वाटते. तथापि, बहुतेक उष्णकटिबंधीय शोभिवंत माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवत असल्याने जानेवारीच्या रात्री त्याची गरज भासते. पुढे तो आपोआप बंद होतो या समजुतीने वर्षभर जोडलेलाच राहतो. वस्तुतः थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटल्यास पाणी तापतच राहते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते.

पाणी बदलताना होणारी चूक अधिक साधी, पण अधिक घातक होय. पातळी उतरून हीटरची काचनळी उघडी पडते, ती हवेत तापते आणि थंड पाणी पडताच तडकते. मग पाण्यात वीज उतरते व त्यात हात घालणाऱ्याच्याही जिवाला धोका संभवतो. यास्तव पाणी काढण्यापूर्वी हीटर बंद करून पंधरा मिनिटे थांबावे. केवळ बटन बंद करणे पुरेसे नाही. जुन्या घरांत ते चुकून न्यूट्रल तारेवर बसविलेले असू शकते. प्लगच काढावा.